दुसऱ्यासाठी प्रार्थना: नाव घेण्यापासून उत्तर नोंदवण्यापर्यंत

"प्रार्थनेत आठवण ठेवा हं," असं कुणी म्हटलं की आपण लगेच "हो, नक्की" म्हणतो. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात म्हणतो, दवाखान्याच्या जिन्यात म्हणतो, मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तर हात जोडलेलं चित्र टाकून मोकळे होतो. खाली भराभर 'आमेन' पडतात. त्यातल्या किती जणांनी त्या माणसाचं नाव घेऊन देवाजवळ खरंच काही मागितलं, हे कुणी सांगू शकत नाही. पंधरा दिवसांनी त्याची विचारपूस करणारे तर बोटांवर मोजण्याइतके.

इतरांसाठी केलेल्या प्रार्थनेत सामर्थ्य आहे, हे पवित्र शास्त्राच्या पानापानावर आहे आणि माझा त्यावर मनापासून विश्वास आहे. म्हणूनच ती इतक्या घाईगर्दीत उरकलेली पाहवत नाही. बहुतेक ठिकाणी मला विश्वासाची कमतरता दिसत नाही, क्रमाचा घोटाळा दिसतो. आधी मागायचं, मग विचारायचं. आधी चार जणांना सांगायचं, मग देवाला. घरी एकट्याने प्रार्थना करणारे, कॉटेज मीटिंग म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभा चालवणारे आणि आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे, या सगळ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. संतांच्या मध्यस्थीबद्दल कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची मतं वेगळी आहेत, तो विषय इथे घेत नाही. जिवंत माणसाने दुसऱ्या जिवंत माणसासाठी देवापुढे कसं उभं राहावं, एवढंच पाहू.

१. आधी स्वतःचं मन मोकळं करा

प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याची क्षमा करा, असं येशू मार्क ११:२५ मध्ये सांगतो. पेत्र तर नवऱ्यांना स्पष्ट बजावतो की बायकोशी मानाने वागा, नाही तर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल (१ पेत्र ३:७). घरात अबोला धरून जगासाठी प्रार्थना करायला बसू नये.

खरी अडचण येते ती ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याचसाठी प्रार्थना करताना. "प्रभू, माझ्या सुनेला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना नसते, देवाकडे केलेली तक्रार असते.

तपासून पाहा: जे तुम्ही देवाजवळ बोललात, ते त्या माणसासमोर मोठ्याने म्हणता येईल का? त्याला ऐकून बरं वाटेल का? वाटणार नसेल तर आज त्याच्यासाठी काही मागू नका. त्याच्यातल्या एका चांगल्या गोष्टीबद्दल फक्त उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना. आठवडाभर एवढंच केलंत तरी मागण्याची भाषा आपोआप बदलते.

२. यादी आटोपशीर ठेवा

चाळीस नावं एका दमात वाचली की ती हजेरी होते. रोजच्या प्रार्थनेला पाच ते सात नावं पुरेत: घरातली माणसं आणि त्या काळात खरोखर संकटात असलेले एक-दोन. बाकीची नावं वारांवर वाटा. एक वार मंडळीसाठी आणि पाळकांसाठी, एक शेजाऱ्यांसाठी, एक कामावरच्या लोकांसाठी. सरपंच, नगरसेवक, पोलीस, न्यायाधीश, मंत्री यांच्यासाठी एक वार राखून ठेवाच. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, आणि त्या काळातले राजे काही ख्रिस्ती नव्हते. तुमचं मत कुणाला होतं, याचा इथे संबंध येत नाही.

एक साधी दोनशेपानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहायला हरकत नाही, पण प्रार्थनेच्या वेळी मोबाइल हातात घेतला की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

३. माणसाला विचारा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. बार्तीमय आंधळा होता, हे दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). आपण मात्र आजाराचं नाव ऐकलं की काय मागायचं ते परस्पर ठरवून टाकतो.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंच्या यजमानांचं डायलिसिस चालू होतं. सगळे त्यांच्या किडनीसाठी प्रार्थना करत होते. कुणीतरी बाईंना बाजूला बसवून विचारलं, "ताई, तुमच्यासाठी काय मागू?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जावेशी दोन वर्षं बोलणं नाही. दवाखान्याच्या पैशांवरूनच झालं होतं. ती एकदा घरी येऊन गेली तरी मला रात्री झोप लागेल." किडनीची प्रार्थना चुकीची नव्हतीच. पण त्या घरातलं दुसरं दुखणं विचारल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

विचारायचे प्रश्न तीनच. "तुमच्यासाठी नेमकं काय मागू?" "हे मी आणखी कुणाला सांगितलेलं चालेल का?" "परत कधी विचारू?" उत्तरं त्याच दिवशी वहीत उतरवा. एक नोंद अशी दिसते:

"१२ जून. कोपऱ्यावरच्या घरातली काकू. पायाची जखम भरत नाही, साखर वाढलेली. त्यांचं मागणं: पाय कापायची वेळ येऊ नये, आणि मुलाने पुण्याहून एकदा येऊन जावं. कुणाला सांगायचं: फक्त पाळकसाहेबांना. पुन्हा विचारायचं: २० जूनला, ड्रेसिंगनंतर. माझं काम: गुरुवारी दवाखान्यात सोबत."

शेवटच्या दोन रकान्यांशिवाय नोंद अपुरी समजा.

शेजारी हिंदू, मुस्लीम, बौद्ध असतील तरी विचारायची पद्धत हीच. "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असं सरळ विचारा. बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात. नको म्हणाले तर त्यांच्या दारात प्रार्थना करू नका, घरी आपल्या खोलीत करा. मदत आणि प्रार्थना यांची देवाणघेवाण कधीही करू नका. डबा दिला म्हणून त्यांनी सभेला यावं, ही अपेक्षा मनातसुद्धा नको.

सावधान: "प्रार्थनेसाठी म्हणून सांगतेय हं" असं म्हणत मंडळीत जेवढी बोलणी फिरतात, तेवढी दुसऱ्या कुठल्या वाटेने फिरत नसतील. मुलीचं मोडलेलं लग्न, नवऱ्याचं दारू पिणं, एचआयव्हीचा रिपोर्ट, वॉर्ड आणि खाट नंबर यांतलं काहीही परवानगीशिवाय गटावर टाकू नका. "एका बहिणीला आज मोठा निर्णय घ्यायचा आहे" एवढं लिहिलं तरी प्रार्थना करता येते. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

४. मागण्याआधी वचन उघडा

पौलाने मंडळ्यांसाठी केलेल्या प्रार्थना एकदा सलग वाचा: इफिसकरांस १:१५-१९ आणि ३:१४-२१, फिलिप्पैकरांस १:९-११, कलस्सैकरांस १:९-१२. ही तिन्ही पत्रं त्याने बंदिवासात असताना लिहिली. तरी त्याच्या मागण्या कुठल्या? देवाची इच्छा समजावी, प्रीती वाढावी, आतल्या माणसाला बळ मिळावं, धीर टिकावा. आपल्या प्रार्थनांत आजार, नोकरी, लग्न, परीक्षा आणि व्हिसा असतो. तोही असावाच, रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवलं आहे. पण वहीतल्या प्रत्येक मागणीच्या खाली पौलाच्या मागण्यांतली एक जोडा.

पद्धत सोपी आहे. कलस्सैकरांस १:९-१२ समोर ठेवा आणि 'तुम्ही' आलं की तिथे त्या माणसाचं नाव घाला. दहावीच्या मुलासाठी नुसते टक्के मागण्याऐवजी त्याला शहाणपण, चिकाटी आणि निकाल काही लागला तरी आनंद मागता येतो.

सावधान: मिळेल ते वचन उचलून आजाऱ्याला हमीपत्रासारखं देऊ नका. अध्याय सुरुवातीपासून वाचा, ते कुणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितलं होतं ते पाहा. "देवाने मला दाखवलंय, तुम्ही महिन्यात बरे होणार" हे वाक्य तर कुणाच्याही खाटेपाशी बोलू नका. तो महिना त्या घराने कसा मोजला, हे नंतर बघायला आपण तिथे नसतो.

५. प्रत्यक्ष प्रार्थनेचा क्रम

एका नावाला चार-पाच मिनिटं द्या.

पहिलं मिनिट गप्प बसा. त्या माणसाचा चेहरा, घर, त्याची आजची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा.

मग त्याच्याबद्दल आभार माना. आजारी माणूस म्हणजे नुसता आजार नव्हे, हे यातून आपल्याच लक्षात राहतं.

त्यानंतर कबुली, आणि ती 'आम्ही' म्हणून. दानीएल नवव्या अध्यायात "त्यांनी पाप केलं" असं म्हणत नाही, "आम्ही केलं" म्हणतो. नहेम्याही पहिल्याच अध्यायात स्वतःला आणि बापाच्या घराण्याला त्यात धरतो. दारूच्या व्यसनात अडकलेल्या भावासाठी प्रार्थना करताना "आम्ही त्याला वेळेवर हाक मारली नाही" हेही म्हणावं लागतं.

चौथं, नेमकी मागणी. एका वाक्यात, त्याने सांगितली तशी.

पाचवं, कारण. हे आपण जवळजवळ विसरलोच आहोत. उत्पत्ती १८ मध्ये अब्राहाम सदोमासाठी पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येतो, आणि त्याचा सगळा आधार एकच असतो: सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करणार. सोन्याचं वासरू केलेल्या लोकांसाठी मोशे देवाला त्याच्या नावाची आणि त्याने अब्राहाम, इसहाक, याकोब यांना दिलेल्या वचनाची आठवण देतो (निर्गम ३२). देवाच्या स्वभावाचा आधार घेऊन मागा. "ही बाई रोज लवकर उठून चर्च झाडते" ही शिफारस नको. "तू विधवांचा कैवारी आहेस" एवढं पुरे.

सहावं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." गेथशेमाने बागेत येशूनेही आधी आपली इच्छा स्पष्ट सांगितली, मग ती बापाच्या हाती दिली. मागणं टाळायला हे वाक्य पुढे करायचं नाही. आधी मागा, मग सोपवा.

शेवटी येशूच्या नावात आमेन, आणि उठायच्या आधी पुन्हा थोडं गप्प. फोन करावा, भेटायला जावं, अमुक पैसे द्यावेत असं काही मनात आलं तर लगेच लिहून ठेवा.

पूर्ण प्रार्थना एवढीच होते: "हे स्वर्गीय बापा, काकूंबद्दल तुझे आभार. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी जेवू घातलं. आम्ही त्यांना एकटं पडू दिलं, त्याची क्षमा कर. त्यांचा पाय वाचव, जखम भरून ने. मुलाच्या मनात घरची ओढ घाल. तू दुखणाईतांना टाकत नाहीस, म्हणून धीराने मागतो. डॉक्टर आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर यांच्या हातांना यश दे. जे होईल त्यात काकूंचा तुझ्यावरचा भरवसा ढळू देऊ नकोस. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. येशूच्या नावात मागतो, आमेन."

नेहमीच्या चुका: दर तिसऱ्या शब्दाला "प्रभू, प्रभू" घालत जाणं (निरर्थक बडबडीबद्दल मत्तय ६:७ पाहा), देवाला रिपोर्टमधले आकडे वाचून दाखवणं, आणि डोळे मिटून समोरच्या माणसाला उपदेश करणं. "प्रभू, या भावाला रविवारी चर्चला यायची बुद्धी दे" हे देवाला उद्देशून नाही, भावाला ऐकवण्यासाठी आहे. त्याला ते कळतं.

शब्द सुचत नसतील तर अडून राहू नका. कसं मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो (रोमकरांस ८:२६). नाव घेऊन रडलात तरी ती प्रार्थनाच आहे.

६. आजाऱ्याच्या खाटेपाशी

याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं असं आहे. बोलावणं त्याचं असतं. बोलावलं नसेल तर निदान विचारून जा.

भेटीच्या वेळेत जा, दोघांपेक्षा जास्त नको. हात धुवा. आयसीयूत सिस्टरना विचारा. चप्पल बाहेर काढायला सांगितली तर वाद नको. उशापाशी उभं राहून वरून बोलू नका. बसायला मिळालं तर बसा, म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाही. हात ठेवण्याआधी परवानगी घ्या. बाईंच्या डोक्यावर परक्या पुरुषाने हात ठेवू नये, सोबतच्या बहिणीला सांगावं. तुमच्या मंडळीत तेल लावायची पद्धत असेल तर कपाळावर एक बोट पुरे, जखमेला अजिबात नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूसही आजारी आहे, म्हणून आवाज त्या खाटेपुरताच ठेवा. दोन मिनिटांत आमेन. बेशुद्ध रुग्णाजवळही त्याचं नाव घेऊन, त्याच्याशी बोलतोय असंच बोला. बाहेर पडताना नातेवाइकाला "जेवलात का?" एवढं विचारायला विसरू नका.

सावधान: प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करायला कुणालाही सांगू नका. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं दिली, आणि त्याच अध्यायात त्याच्या गळवावर अंजिरं बांधायला सांगितलं आहे (यशया ३८). औषध हे अविश्वासाचं लक्षण असतं तर यशया संदेष्ट्याने ते सांगितलं नसतं. महाराष्ट्रातला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लक्षात असू द्या. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेण्यापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणं, भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं किंवा बांधून ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत. भ्रम होणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या मुलीला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तिच्यासोबत बाकावर बसून प्रार्थना करा.

आणखी एक. "तुमचा विश्वास कमी पडतोय" हे आजाऱ्याला सांगायचा अधिकार कुणालाही नाही. मार्क २ मध्ये चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलं आहे. विश्वास ठेवायचं ओझं उचलून आणणाऱ्यांवरही आहे.

७. गटात प्रार्थना करताना

सभेत विनंत्या सांगण्यातच पाऊण तास जातो आणि प्रार्थनेला दहा मिनिटं उरतात. उपाय एकच: एक विनंती ऐकायची, लगेच एकाने किंवा दोघांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची, मग पुढची. चालवणाऱ्याने सुरुवातीलाच हे सांगावं. लांबण लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना शेवटची समारोपाची प्रार्थना द्या.

प्रार्थना आपल्याच माणसांभोवती फिरत असेल तर कॅथलिक मिस्सातल्या (उपासनेतल्या) विश्वासू जनांच्या प्रार्थनेचा क्रम घ्या: आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि सारं जग, मग दुःखात आणि अडचणीत असलेले, शेवटी आपला स्थानिक समुदाय. आपण नेमकं उलटं करतो.

साखळी प्रार्थना, म्हणजे एकामागून एक न थांबता प्रार्थना, ठेवायची असेल तर प्रत्येकी अर्धा तास धरा. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे चोवीस जण लागतात. नावं आदल्या दिवशी पक्की करा आणि प्रत्येक वेळेला एक राखीव माणूस ठेवा. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचेही वर उचललेले हात जड झाले, अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले (निर्गम १७). उपास करायचा असेल तर मधुमेही, गरोदर बाया आणि गोळ्या चालू असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

८. आमेननंतरचं काम

पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याने यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात पडलेल्या यरुशलेमसाठी रडून प्रार्थना सुरू केली. नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी, राजाने विचारलं तेव्हा त्याच्याकडे मागण्यांची यादी तयार होती: वाटेतल्या सुभेदारांना पत्रं, आणि दारांसाठी, तटासाठी लाकूड. प्रार्थना करता करता त्याने अंदाजपत्रकही बांधलं होतं.

डबा, रिक्षाचं भाडं, रक्तदान, सरकारी योजनेचा फॉर्म भरून देणं, रात्री दवाखान्यात झोपायला जाणं. वहीतल्या 'माझं काम' या रकान्यात यातलं काहीतरी हवंच. उघड्या-उपाशी भावाला नुसतं "सुखाने जा" म्हणणाऱ्यांना याकोब काय म्हणतो ते २:१५-१६ मध्ये आहे.

लगेच तपासा: विनंतीत जीव द्यायची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. घरात मारहाण चालू असेल तर ११२, लहान मुलाला धोका असेल तर १०९८. अशा वेळी बाईला "सहन कर, आम्ही प्रार्थना करतो" म्हणून परत त्याच घरात धाडणं हे पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

९. पाठपुरावा आणि नोंद

ठरल्या तारखेला फोन करा. "काय, बरं आहे ना?" असं विचारू नका, त्याला "हो" म्हणावंच लागतं. "ड्रेसिंग झालं का? डॉक्टर काय म्हणाले?" असं विचारा.

उत्तर आलं की तारीख घालून लिहा आणि त्या माणसाबरोबर आभार माना. नाही तर आलेलं उत्तरही ओळखू येत नाही: पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावत होता आणि आत त्याच्याचसाठी प्रार्थना करणारे लोक दार उघडायला गेलेल्या मुलीला वेडी ठरवत होते (प्रेषितांची कृत्ये १२). साक्ष मंडळीत सांगायची असेल तर ती त्यानेच सांगावी, किंवा त्याला विचारून तुम्ही.

उत्तर येत नसेल तर लूक १८ मधल्या, न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या विधवेसारखं मागत राहा. नाही असं उत्तर आलं तर तेही लिहा. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारं एक दुखणं, दूर व्हावं म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला "माझी कृपा तुला पुरे आहे" हे मिळालं. काटा तसाच राहिला. यात प्रार्थना फसली असं समजू नका, आणि त्या घराला स्पष्टीकरण द्यायलाही जाऊ नका. जाऊन बसा.

माणूस गेला तर त्याच्या नावावर रेघ मारून पान उलटू नका. त्याच पानावर घरच्यांची नावं लिहा आणि वर्षभर ठेवा. पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्धासारखा तो पहिला स्मृतिदिन, या तारखा आत्ताच घालून ठेवा. त्या दिवशी फोन करणारे फार थोडे असतात. एखादं नाव रोजच्या यादीतून आठवड्याच्या यादीत न्यायचं असेल तर खुशाल न्या. पूर्ण काढायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारा. शमुवेल लोकांना म्हणाला होता की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडून देणं हे माझ्याकडून देवाविरुद्ध पाप होईल (१ शमुवेल १२:२३), आणि हे तो त्याला बाजूला सारून राजा मागणाऱ्या लोकांना म्हणत होता.

वही भरली की चालू नावं आणि मिळालेली उत्तरं नव्या वहीत उतरवा. जुनी वही रद्दीत घालू नका. तिच्यात लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असतं. ती पानं फाडून जाळा.